मुलींच्या हीटमध्ये कोण धावणार? आमच्या कमिटीत जे झालं ते

कमिटी नेमली गेली ती एका अर्जामुळे. सातवीतल्या एका मुलीच्या आईवडिलांनी लिहून दिलं की आमची मुलगी ट्रान्स आहे, दाखल्यावर मुलगा लिहिलेलं आहे पण बराच काळ ती सगळीकडे मुलगी म्हणूनच वावरतेय, वर्गातही तसंच सुरळीत चाललंय, तर तिला ॲथलेटिक्समध्ये मुलींच्या गटात धावू द्यावं. एक पानाचा साधा अर्ज. पाठोपाठ दुसरं पत्र आलं, खाली बऱ्याच पालकांच्या सह्या, की असं केलंत तर आमच्या मुलींवर अन्याय होईल. मुख्याध्यापिका मॅडमनी दोन्ही कागद एकाच फायलीत लावले आणि फाईल माझ्याकडे सरकवली, कारण शाळेत ट्रॅक मी बघते.

कमिटीत मॅडम, मी, फुटबॉलचे सर, कौन्सेलर मॅडम, एक डॉक्टर पालक, एक वकील पालक आणि सह्यांवाल्या पालकांच्या वतीने एक ताई. या ताईंची मुलगी माझ्याकडे दोनशे मीटर धावते, चांगली धावते, त्यामुळे त्या काही हवेत बोलत नव्हत्या, त्यांना खरंच काहीतरी गमवायची भीती होती. हे आधीच सांगते कारण अशा विषयात विरोध करणारा म्हणजे दुष्ट आणि बाजू घेणारा म्हणजे भोळसट असं धरून चालायची सवय झालीय लोकांना, आमच्या खोलीत दोन्ही प्रकारचं कुणी नव्हतं.

पहिल्या मीटिंगमध्ये मात्र नुसता गोंधळ. प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये एक व्हिडिओ. कुणी पॅरिस ऑलिंपिकमधली बॉक्सर इमान खलिफ दाखवतंय, कुणी दक्षिण आफ्रिकेची धावपटू कास्टर सेमेन्या, कुणी अमेरिकेतली स्विमर लिया थॉमस. डॉक्टरांनी सगळ्यांना थांबवलं आणि म्हणाले, यातली ट्रान्स फक्त एकच आहे, लिया थॉमस, तीही कॉलेजची, शाळेची नाही. सेमेन्या जन्मापासून मुलगी म्हणूनच वाढलेली, तिच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन जास्त बनतं, तो वेगळा विषय आहे, त्याचे नियम वेगळे, त्याच्या केसेस वेगळ्या. खलिफसुद्धा मुलगी म्हणूनच जन्मली आणि वाढली. आपल्याकडच्या धावपटूंपैकी शांती सौंदराजनचं 2006 च्या दोहा एशियाडमधलं आठशे मीटरचं सिल्व्हर काढून घेतलं, द्युती चंदला 2014 साली बाहेर बसवलं आणि ती लढून 2015 मध्ये परत आली, या दोघीही ट्रान्स नाहीत. म्हणजे आम्ही अर्धा तास ज्या बायकांवर चर्चा करत होतो त्यांच्यापैकी जवळपास कुणाचाच आमच्या अर्जाशी संबंध नव्हता. मला हे फार महत्त्वाचं वाटलं, कारण बाहेरचा सगळा आरडाओरडा याच खिचडीवर चालतो.

मग मॅडमनी काम वाटून दिलं. डॉक्टरांनी शरीराचं सांगायचं, वकिलांनी नियमांचं, मी ट्रॅकचं, कौन्सेलर मॅडमनी मुलांशी बोलायचं.

डॉक्टरांचं म्हणणं थोडक्यात असं. प्युबर्टीच्या, म्हणजे वयात येण्याच्या, आधी मुलगा आणि मुलगी यांच्या रक्तातल्या टेस्टोस्टेरॉनमध्ये फारसा फरक नसतो. प्युबर्टीनंतर मुलांचं ते इतकं वाढतं की मोठ्या पुरुषात बाईच्या साधारण पंधरा पट होतं. त्याच्यामुळे उंची, खांदे, हाडांची लांबी, स्नायू, रक्तातलं हिमोग्लोबिन, सगळं बदलतं. मुलींची प्युबर्टी आधी सुरू होते म्हणून अकराबारा वर्षांच्या वर्गात बऱ्याचदा मुलीच उंच दिसतात, आणि मग तेराच्या पुढे मुलं झपकन निघून जातात. त्याआधीही मुलं थोडी पुढे असतात असं काही अभ्यासांत दिसतं, पण तो फरक लहान आहे आणि त्यातला किती शरीराचा आणि किती मुलांना जास्त खेळायला मिळतं त्याचा, यावर त्या क्षेत्रातले लोक अजून भांडतायत.

मी माझ्या भागात जगातले रेकॉर्ड लिहून नेले होते, कारण ताईंना आणि बाकीच्यांना आकडा दिसला पाहिजे असं मला वाटत होतं. शंभर मीटर, पुरुष 9.58, बाई 10.49. म्हणजे साडेनऊ टक्क्यांचा फरक. लांब उडी 8.95 आणि 7.52, हा फरक एकोणीस टक्क्यांच्या आसपास. उंच उडी 2.45 आणि 2.10. गोळाफेकीत तर तुलनाच करता येत नाही, गोळाच वेगळा, 7.26 किलो आणि 4 किलो. हर्डल्समध्येही पुरुषांचा अडथळा 106.7 सेंटीमीटर, बायकांचा 84. मुलींचा वेगळा गट का ठेवतात याचं उत्तर या आकड्यांत आहे. तो नसता तर फायनलला मुलीच दिसल्या नसत्या, शाळेतसुद्धा नाही, नववीदहावीच्या पुढे तर अजिबात नाही. त्यामुळे "खेळात काय एवढं, खेळू द्या की" असं जेव्हा कुणी म्हणतं तेव्हा मला राग येतो, कारण ते बोलणारे कधी मुलींच्या फायनलला मैदानावर उभे राहिलेले नसतात.

पण मग औषधं घेतली तर काय होतं हा पुढचा प्रश्न. डॉक्टरांनी सांगितलं की मोठेपणी टेस्टोस्टेरॉन कमी केलं तर हिमोग्लोबिन तीनचार महिन्यांत बायकांच्या पातळीला येतं, पण स्नायू हळूहळू आणि थोडेच घटतात, वर्षभरात साधारण पाच टक्के, आणि हाडं काही परत लहान होत नाहीत. अमेरिकेच्या हवाई दलातल्या लोकांच्या फिटनेस टेस्टवर एक अभ्यास झालाय, त्यात दोन वर्षांच्या उपचारानंतर ट्रान्स बायकांचा पुशअप्स आणि सिटअप्समधला फायदा संपला होता, पण दीड मैलाच्या धावण्यात त्या तरीही बाकीच्या बायकांपेक्षा 12 टक्के पुढे होत्या. आता ही सगळी मोठी माणसं, प्युबर्टी पूर्ण झालेली, आणि खेळाडूही नाहीत. आमच्यासमोरची मुलगी सातवीतली. हा अभ्यास तिला जसाच्या तसा लावायचा म्हणजे काकाचा शर्ट पुतण्याला घालायचा.

वकील पालकांनी मोठ्या संघटनांचे नियम आणले होते. ऑलिंपिक समिती 2004 साली ऑपरेशन मागत होती, 2015 मध्ये ऑपरेशनची अट काढली आणि टेस्टोस्टेरॉन वर्षभर रक्तात लिटरला 10 नॅनोमोलच्या खाली हवं असं केलं, 2021 मध्ये सांगितलं की फायदा आहेच असं आधीच गृहीत धरू नका आणि प्रत्येक खेळाने आपापलं ठरवा. त्यावर खेळांनी आपापलं ठरवलं ते बहुतेक उलट्या दिशेने. रग्बीने 2020 मध्येच आंतरराष्ट्रीय पातळीवर बंदी घातली होती. स्विमिंगने जून 2022 मध्ये ठरवलं की प्युबर्टी टॅनर स्टेज 2 च्या (म्हणजे वयात येण्याच्या अगदी सुरुवातीच्या पायरीच्या) पुढे किंवा 12 वर्षांच्या पुढे, जे नंतर येईल ते, गेली नसेल तरच बायकांच्या गटात. वर्ल्ड ॲथलेटिक्सने 31 मार्च 2023 पासून पुरुषी प्युबर्टीतून गेलेल्या ट्रान्स बायकांना बंद केलं, आणि 1 सप्टेंबर 2025 पासून तर जागतिक रँकिंगच्या स्पर्धेत बायकांच्या गटात उतरायचं तर प्रत्येकीची एकदा जीन टेस्ट.

ताई म्हणाल्या, बघा, मग झालं की. वकील म्हणाले नाही झालं, कारण हे सगळे जागतिक पातळीचे नियम आहेत आणि बहुतेक ठिकाणी रेषा प्युबर्टीवर मारलीय. आपल्याकडच्या मुलीची ती रेषा अजून यायचीय का येऊन गेलीय हे आपल्याला माहीत नाही, आणि विचारायचा हक्क आपल्याला आहे का तेही बघावं लागेल.

इथून पुढे मीटिंगचा सूर बदलला.

मुलीचे आईवडील भेटायला आले तेव्हा सोबत एक जाड फाईल घेऊन आले. वडिलांनी ती टेबलावर ठेवली आणि म्हणाले, काय बघायचं ते बघा, आम्हाला काही लपवायचं नाही. रिपोर्ट, डॉक्टरांची पत्रं, कौन्सेलिंगचे कागद, सगळं. मॅडमनी फाईल उघडली नाही. त्यांनी विचारलं, ही मी ठेवू कुठे? शाळेच्या कपाटाची चावी क्लार्ककडे असते, शिपायाकडे असते, पुढच्या वर्षी मी बदलून गेले तर दुसऱ्या कुणाकडे असेल. एका बारा वर्षांच्या मुलीच्या अंगाचे कागद मला त्या कपाटात नकोत. आणि त्यांनी फाईल परत दिली. त्या क्षणी ताईसुद्धा काही बोलल्या नाहीत. ताईंनाही मुलगी आहे.

मुलीशी कौन्सेलर मॅडम बोलल्या, मी सोबत होते पण गप्प बसायचं ठरलं होतं. ती फार कमी बोलली. तिला शंभर मीटरपेक्षा रिले आवडते. का, तर त्यात चौघीजणी असतात. मुलांच्या गटात धावायचं नाही हे तिने स्पष्ट सांगितलं, एकदा प्रॅक्टिसला तसं उभं केलं होतं तर ती पोट दुखतंय सांगून घरी गेली होती. आता कोच म्हणून माझं निरीक्षण विचाराल तर ती बारीक, मध्यम उंचीची, सुरुवात चांगली करते, शेवटच्या तीस मीटरला ढेपाळते. माझ्या सातवीच्या मुलींमध्ये चौथीपाचवी यायची. तिच्याच वर्गात एक मुलगी आहे जी तिच्यापेक्षा डोक्याने उंच आहे आणि सगळ्यांना दहा पावलं मागे टाकते, तिला कुणी अन्याय म्हणत नाही, आणि म्हणूही नये.

पण चौथीपाचवी येते म्हणून चालेल आणि पहिली आली तर चालणार नाही असा नियम करता येत नाही. हे मी मीटिंगमध्ये मुद्दाम बोलले. ट्रान्स मुलगी हरत असेल तोवर गोड आणि जिंकली की संशयित, हे काही नियम नव्हे.

मग मी माझ्या मुलींशी बोलले. मैदानावर, प्रॅक्टिस संपल्यावर, बूट काढताना, कारण वर्गात बसवून विचारलं की पोरी शिक्षकांना हवं तेच उत्तर देतात. नाव घ्यायचं नाही, एकटीदुकटीवर बोलायचं नाही, नियम कसा असावा एवढंच, असं आधी सांगितलं. बहुतेकींना काहीच अडचण नव्हती. दोघीतिघींना होती. ताईंच्या मुलीने जे सांगितलं ते मला अजून सगळ्यात प्रामाणिक वाटतं, "मॅडम, ती माझी मैत्रीण आहे, पण फायनलला आठच लेन असतात ना." यात द्वेष कुठे आहे? पोरगी दोन वर्षं पहाटे उठून धावतेय आणि तिला लेन मोजता येतात. मोठ्या मुलींमध्ये हा प्रश्न खरा आहे, आणि जो कुणी तो विचारतो त्याला मागासलेला ठरवून गप्प करायचं याला मी तयार नाही.

आणि मग गोळाफेकवाली बोलली. नववीतली, रुंद खांद्यांची, केस बारीक कापलेले, आवाज जरा जाड. तिने विचारलं, मॅडम, तपासणी करणार असं ऐकलं, मग माझी पण करणार का? हसत विचारलं तिने. बाकीच्या पण हसल्या. मी नाही म्हणाले पण तेव्हा माझ्या हातात जो ड्राफ्ट होता त्यात तसं लिहिलेलं होतं.

तर त्या ड्राफ्टबद्दल. पालकांच्या बाजूने जो मसुदा आला होता त्यात पाचवं कलम असं होतं, "एखाद्या खेळाडूच्या लिंगाबाबत लेखी तक्रार आल्यास शाळा वैद्यकीय तपासणी करून घेईल." वरवर वाचलं तर ठीकच वाटतं. नियम आहे तर तो पाळला जातोय का हे बघायला काहीतरी हवंच. पण या वाक्यात तक्रार कोण करू शकतं हे नाही, कशावरून करायची हे नाही, तपासणी म्हणजे काय हे नाही. आम्ही बाकी सगळ्या कलमांवर मिळून जेवढं भांडलो त्याहून जास्त या एका वाक्यावर भांडलो.

मी हर्डल्स शिकवते म्हणून मला मारिया होजे मार्टिनेझ पातिन्योची गोष्ट माहीत होती, ती मी सांगितली. स्पेनची हर्डलर. 1985 मध्ये कोबेच्या युनिव्हर्सिटी गेम्सला तिची क्रोमोसोम टेस्ट झाली, रिझल्ट एक्सवाय आला, म्हणजे सहसा पुरुषांत असतो तो. तिला स्वतःला हे कधी माहीत नव्हतं, तिचं शरीर टेस्टोस्टेरॉनला दादच देत नव्हतं, म्हणजे त्याचा तिला काडीचा फायदा नव्हता. तिला सांगण्यात आलं की दुखापतीचं कारण सांग आणि गुपचूप बाजूला हो. पुढच्या वर्षी तिने राष्ट्रीय स्पर्धेत भाग घेतला आणि तिचा रिपोर्ट पेपरात आला. स्कॉलरशिप गेली, ठरलेलं लग्न मोडलं. 1988 मध्ये तिला परत घेतलं, पण तोपर्यंत धावायची वर्षं निघून गेली होती. त्याच्याही आधी, 1966 च्या बुडापेस्टच्या युरोपियन स्पर्धेत तर बायकांना डॉक्टरांसमोर कपडे उतरवून उभं केलं होतं. 1996 च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये 3387 बायकांची टेस्ट झाली, 8 जणींचा रिझल्ट वेगळा आला आणि आठही जणींना खेळू दिलं, कारण पुढची तपासणी केल्यावर कुणालाच बाहेर काढायचं कारण सापडलं नाही. तीस वर्षं हा उद्योग करून एकही पुरुष बाईच्या वेषात सापडला नाही, म्हणून 2000 च्या सिडनी ऑलिंपिकच्या आधी ते बंद केलं. आता वर्ल्ड ॲथलेटिक्सने परत सुरू केलंय, गालातून कापसाने घेतात, तेवढं सोपं झालंय, पण रिझल्ट वेगळा आला तर पुढे त्या मुलीचं काय हे अजूनही तेवढंच अवघड आहे. मोठ्या खेळाडूकडे डॉक्टर असतात, वकील असतात. आमच्या गोळाफेकवालीकडे कोण आहे? मी आणि एक मोजपट्टी.

ताई म्हणाल्या, मॅडम, हे जुनं झालं, आपण शाळेतले लोक असं थोडीच करणार. तर वकिलांनी यूटाचं प्रकरण काढलं. अमेरिकेतलं यूटा राज्य, प्रकरण उघड झालं 2022 मध्ये. तिथे एका शालेय स्पर्धेत एक मुलगी भरपूर फरकाने जिंकली. दुसऱ्या आणि तिसऱ्या नंबरच्या मुलींच्या पालकांनी तक्रार केली की ही मुलगी वाटत नाही. तिथल्या शालेय क्रीडा संघटनेने त्या मुलीला आणि तिच्या घरच्यांना न सांगता तिचे शाळेचे रेकॉर्ड तपासायला लावले, पार बालवाडीपर्यंत. प्रत्येक कागदावर मुलगीच. ती मुलगीच होती. जन्मापासून. गंमत म्हणजे त्याच वर्षी त्या राज्याच्या गव्हर्नरने बंदीच्या कायद्याला नकार देताना लिहिलं होतं की राज्यात शाळेत खेळणारी 75,000 मुलं आहेत, त्यात ट्रान्स 4, आणि मुलींच्या खेळात त्यातली 1. तरी विधिमंडळाने कायदा केलाच. म्हणजे नियम एका मुलीसाठी आणि त्याची चौकशी भलत्याच मुलीच्या बालवाडीच्या दाखल्यापर्यंत.

मी त्या मीटिंगमध्ये सरळ सांगितलं की कोण धावणार यावर मी दोन्ही बाजूंनी पटवून घ्यायला तयार आहे, पण हे पाचवं कलम राहिलं तर मी कमिटीत राहणार नाही. कारण ट्रान्स मुलगी शाळेत एक आहे, किंवा कधी एकही नसेल, पण उंच, सपाट छातीची, मिशीची लव असलेली, केस कापलेली, पाळी उशिरा आलेली मुलगी प्रत्येक बॅचला असते, आणि खेळात तर हमखास असते, कारण अशाच मुली खेळाकडे येतात. तक्रार तिच्यावर जाणार. हरलेल्या मुलीच्या बापाच्या हातात हे कागद द्यायचे नाहीत.

ताईंनी बराच वेळ तो कागद हातात धरला. मग स्वतःच पेन काढून ते वाक्य खोडलं आणि वर लिहिलं, "कोणत्याही विद्यार्थिनीची शारीरिक तपासणी शाळा करणार नाही व तशी तक्रार स्वीकारणार नाही." त्यांच्याच अक्षरात आहे ते अजून मूळ मसुद्यावर. बाकीच्या मुद्द्यांवर त्या हलल्या नाहीत, हेही सांगते.

बाकीच्या मुद्द्यांत फायनलच्या जागांचा मुद्दा सगळ्यात लांबला. कुणीतरी कॅलिफोर्नियाचं उदाहरण दिलं. तिथे 2025 च्या मे महिन्यात राज्याच्या शालेय स्पर्धेत एक ट्रान्स मुलगी उड्यांच्या प्रकारात होती, तर त्यांनी ऐनवेळी नियम काढला की तिच्यामुळे जिची जागा गेली असती तिलाही घ्यायचं आणि नंबरही वाटून द्यायचा. उंच उडी आणि तिहेरी उडीत पहिला नंबर वाटून दिला, पोरी एकाच स्टँडवर शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. मला ही कल्पना आवडली, सगळ्यांना नाही आवडली. उड्यांमध्ये हे जमतं, एक जास्तीची उडी मारली की झालं. ट्रॅकवर नववी लेन कुठून आणायची? फुटबॉलचे सर म्हणाले माझ्याकडे तर जागा अकराच, आणि माझा प्रश्न जागेचा नाहीच, धडकेचा आहे, सोळासतरा वर्षांच्या वयात वजनाचा फरक पायावर येतो. त्यांचं बरोबर आहे. धावण्यातला अन्याय आणि फुटबॉलमधली इजा हे एकाच नियमात कोंबता येत नाही, म्हणून आम्ही खेळानुसार वेगळं लिहिलं.

मधेच एक विषय निघाला त्याने मात्र मला समाधान वाटलं. एवढं फेअर फेअर चाललंय तर मी म्हटलं मैदानाची वेळ बघा. मुलांचा फुटबॉल संपेपर्यंत मुलींना ट्रॅक मिळत नाही, अंधार पडायला लागतो. हर्डल्सचा एकच सेट, त्याचे स्क्रू गंजून वरच्या खाचेत बसलेत, खाली करताच येत नाहीत, म्हणून माझ्या मुली मुलांच्या उंचीवर प्रॅक्टिस करतात आणि स्पर्धेत कमी उंची आली की त्यांची पावलं चुकतात. या अन्यायावर इतक्या वर्षांत एकही सह्यांचं पत्र आलेलं नाही. मॅडमनी ते नोंदवून घेतलं. फुटबॉलच्या सरांचं तोंड उतरलं. असो.

शेवटी जे लिहिलं ते असं आहे. बारा वर्षांच्या आत मुलगामुलगी असा गट शाळेच्या स्पर्धेत नाहीच, सगळे एकत्र, वेळेप्रमाणे हीट पाडायच्या, म्हणजे साधारण सारख्या वेगाची मुलं एका हीटमध्ये. हे मला खेळासाठीच हवं होतं, ट्रान्स विषय नसता तरी. बारा ते चौदा या गटात विद्यार्थी शाळेत ज्या ओळखीने वावरते त्या गटात खेळेल, फायनलसकट, आणि फायनलला जागा कमी पडली तर दोन फायनल घेऊन वेळेवर नंबर लावायचे. दोन फायनल हा तोडगा स्टॉपवॉच हातात धरणाऱ्या माणसालाच सुचणार, मला सुचला, आणि त्याने लेनचा प्रश्न निदान शाळेपुरता सुटला. चौदाच्या पुढे प्रॅक्टिस, हाऊसच्या मॅचेस, रिले, सगळं खुलं, पण शाळेबाहेर निवडीसाठी जो नंबर लागतो तो वरच्या संघटनेच्या नियमानेच लागेल, आणि तो नियम शाळा आईवडिलांना वर्षाच्या सुरुवातीलाच लेखी कळवेल, स्पर्धेच्या दिवशी सकाळी नाही. कपडे बदलायला सगळ्यांसाठी एकेकट्या बंद होणाऱ्या खोल्या, ज्याला वाटेल त्याने वापराव्यात. यावर कुणीच भांडलं नाही, उलट मुलींनीच सांगितलं की हे आम्हाला कधीपासून हवं होतं.

चौदाच्या पुढचं कलम मुलीच्या आईला वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी विचारलं, म्हणजे दोन वर्षांनी तिला थांबवणार? डॉक्टरांनी सांगायचा प्रयत्न केला की प्युबर्टी आधीच थांबवली असेल तर शरीराचा फायदा होत नाही आणि काही खेळांच्या नियमात त्याला जागा आहे. त्या म्हणाल्या ते आमचं आम्ही डॉक्टरांशी बघतोय, पण खेळाच्या नियमासाठी मी माझ्या मुलीच्या उपचाराची तारीख ठरवू का? यावर कुणाकडे उत्तर नव्हतं. स्विमिंगसारखा नियम एका हाताने दार उघडं ठेवतो, की प्युबर्टी थांबवलीत तर या, आणि दुसरीकडे ब्रिटनसारख्या देशात 2024 पासून 18 च्या आतल्या ट्रान्स मुलांना प्युबर्टी थांबवायचं औषध नव्याने देणं जवळपास बंद झालंय. म्हणजे दार आहे आणि तिथपर्यंत जायचा रस्ता नाही. माझं स्वतःचं मत असं की मोठ्या मुलींच्या निवड स्पर्धेत पुरुषी प्युबर्टी पूर्ण झालेल्या मुलीला धावू दिलं तर ते बाकीच्यांना फेअर नाही, मी हे आकडे बघून म्हणते. पण ज्या मुलीची ती झालीच नाही तिला त्याच वाक्यात बाहेर काढणं हेही आकडे न बघता केलेलं काम आहे. हे दोन्ही मी मसुद्याच्या मागे टिपणीत लिहिलंय आणि खाली सही केलीय.

वरच्या संघटनेला पत्र गेलं. त्यांच्या फॉर्मवर फक्त जन्मदाखल्याचा रकाना आहे, बाकी काही नाही. फोन केला तर तिथले सर म्हणाले, असं प्रकरण आमच्याकडे आलेलंच नाही, आलं की बघू. मी म्हटलं सर, आलंय, तेच तर सांगतेय. ते म्हणाले लेखी पाठवा. लेखी पाठवलंच होतं, परत पाठवलं.

या सीझनला ती मुलगी मुलींच्या गटात धावली. शंभर मीटरला दुसऱ्या फायनलमध्ये होती, एकूण सहावी आली. रिलेत तिसरा लेग दिला, कारण कर्व्ह चांगली घेते, आणि बॅटन ताईंच्या मुलीच्या हातात द्यायची होती. ताई आल्या होत्या, ओरडत होत्या, कुणासाठी ते काही मी विचारलं नाही. एका पालकाने माझ्याकडे तक्रारीचा कागद आणला, त्यात नाव गोळाफेकवालीचं होतं. मी त्यांना पाचवं कलम वाचायला दिलं आणि कागद परत केला.

पुढच्या मीटिंगचा अजेंडा आलाय. पहिला विषय चौदाच्या पुढची रिले, म्हणजे शाळेबाहेरच्या स्पर्धेत टीममध्ये कोण चालेल, यावर ताई आणि मी अजून अगदी विरुद्ध बाजूंना आहोत. दुसरा विषय हर्डल्सचे स्क्रू.